युट्रेख्त एका शनिवारात, तिथले लोक फिरतात तसं: सल्ला हवा

मैथिली_अमस्टेलवेन

नमस्कार मंडळी. आई-बाबा पुण्याहून आलेत. ट्युलिप, पवनचक्क्या, अ‍ॅमस्टरडॅमची बोट हे सगळं झालंय. आता एक शनिवार युट्रेख्तला द्यायचा आहे, पण पाटी घेऊन चालणाऱ्या गाइडमागे पळायचं नाही. तिथे राहणारे लोक सुट्टीच्या दिवशी कुठे जातात, काय खातात, कुठे टेकतात, ते हवंय.

अडचणी अशा: बाबांचा गुडघा दुखरा आहे, सपाट चालतात पण जिने नकोत. आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही. सोबत पाच वर्षांची मुलगी. येणार ट्रेनने. डोम टॉवर चढायचाच का? आणि शनिवार योग्य की रविवार?

कालवाकाठ

शनिवारच. कापडबाजार, फुलबाजार, टॉवरवरचं घंटावादन आणि रस्त्यात अक्षर कोरणं हे चारही शनिवारचे कार्यक्रम आहेत. रविवारी सकाळी गाव बंद असतं, दुकानं बाराच्या सुमारास उघडायला लागतात.

युट्रेख्त बघताना एक गोष्ट आधी समजून घ्या. हे शहर दोन मजल्यांवर वसलेलं आहे. वर रस्ता, आणि खाली पाण्यालगत धक्का, ज्याला इथे वेर्फ म्हणतात. कारण असं: ११२२ साली वाइक बाय ड्यूरस्टेडेजवळ ऱ्हाइनला बांध घातला, शहरातलं पाणी उतरलं. मग नवा कालवा खणला, झडपा बसवल्या आणि पाण्याची पातळी खालीच पण कायम राहिली. रस्ता उंच, पाणी खोल. घरमालकांनी आपल्या तळघरातून रस्त्याखालून थेट पाण्यापर्यंत बोगदे काढले, म्हणजे जहाजातला माल सरळ घरात. त्या कमानदार तळघरांवरूनच आजचा रस्ता जातो. म्हणून औडेग्राख्ट या मुख्य कालव्याच्या काठावर जड वाहनांना बंदी आहे, आणि हॉटेलांचा बराच माल, बिअरच्या पिंपांसकट, आजही विजेवर चालणाऱ्या बोटीतून येतो.

बहुतेक पाहुणे मधल्या भागात, नगरपालिकेच्या पुलाजवळ, धक्क्यावरच्या खुर्च्यांत बसून परत जातात. तिथे धक्का दिसतच नाही, नुसती टेबलं दिसतात. तुम्ही दक्षिणेकडे जा. ट्वाइनस्ट्राटच्या बाजूला तळघरांत अजून छोट्या कार्यशाळा आहेत, चालायला जागा आहे, झाडांची मुळं भिंतीला धरून वाढलेली दिसतात.

खाली उतरलात की मान वर करा. रस्त्यावरच्या दिव्याचा प्रत्येक खांब भिंतीतून पुढे आलेल्या एका दगडावर उभा आहे आणि त्या दगडावर कोरीव काम आहे. समोरच्या घरात पूर्वी कोणता धंदा चालायचा, त्या पुलाची काय दंतकथा, असं काहीतरी त्यात कोरलंय. असे दगड शेकडो आहेत. रस्त्यावरून चालणाऱ्याला ते दिसत नाहीत, तोंड पाण्याकडे असल्यामुळे. मुलीला हा खेळ द्या: कुठल्या दगडावर प्राणी आहे, कुठे माणूस, कुठे जहाज.

पण दोन सूचना. धक्क्याला कठडा नाही, पाणी एका पावलावर. मुलीचा हात सोडायचा नाही. आणि जिने दगडी, अरुंद, ओले असले की निसरडे. बाबांनी वरच थांबावं. पुलाच्या मधोमध उभं राहिलं की खालचा धक्का, कमानी आणि जवळच्या खांबांचे दगड तिरके का होईना दिसतात.

दोन_चाकं

मार्ग सुचवतो. लोक सांगतात की व्हार्टसे राइन स्टेशनवर उतरून दक्षिणेकडून उत्तरेला जा. हे २०१६ साली सुरू झालेलं छोटं स्टेशन जुन्या गावाच्या दक्षिण टोकाला आहे आणि मोठ्या स्टेशनच्या मॉलमधून वाट काढण्यापेक्षा फारच बरं. पण शनिवारी मी उलटा क्रम सुचवेन, कारण वेळा तशाच जुळतात.

९:३० ला युट्रेख्त सेंट्रालला उतरा. गावाच्या बाजूने बाहेर पडा. होख कातारैने मॉलमध्ये सरळ चालत राहायचं, दुकानांत वळायचं नाही, व्रेडेनबुर्ख चौकात निघता. सरकता जिना आणि लिफ्ट दोन्ही आहे. तिथून न्योडे चौक दहा मिनिटं.

न्योडेला जुनं मुख्य टपाल कार्यालय आहे, १९२४ चं. २०२० पासून तिथे सार्वजनिक वाचनालय आहे. प्रवेश फुकट, सदस्य असण्याची गरज नाही. आतलं दालन बघाच: पिवळ्या विटांच्या उंच कमानी, काचेचं छत, भिंतीशी काळे पुतळे. बसायला भरपूर जागा, लिफ्ट, मुलांचा विभाग. पाऊस आला तर मुक्काम इथेच.

तिथून मागेच ब्रेडस्ट्राट. शनिवारचा कापडबाजार, लाप्येसमार्क्ट, १५९७ पासून भरतो. दुपारी एकच्या सुमारास उठतो, आणि चांगले तुकडे त्याच्या बरेच आधी जातात. कापड मीटरवर मिळतं, शिवाय आधीच कापलेले तुकडे वेगळ्या ढिगात असतात, ते स्वस्त. तुकड्याची लांबी चिठ्ठीवर असते, पन्हा नसतो, तो विचारून घ्या. पन्हा बहुतेक १४० ते १५० सेंटिमीटर असतो, म्हणजे आपल्याकडच्या ब्लाउजपीसच्या हिशोबाने कापड कमी लागतं. आईंना इथे पाऊण तास द्या.

यान्सकेर्कहोफवर फुलबाजार, तीन मिनिटांवर. फुलं घ्यायचीच असतील तर दिवसाच्या शेवटी, नाहीतर दिवसभर हातात.

११ ते १२ शहराचा घंटावादक डोम टॉवरवर बसून वाजवतो. ऐकण्याची जागा डोमप्लाइन नाही. चौकात आवाज भिंतींवरून फुटतो आणि माणसं बोलत असतात. टॉवरच्या पायथ्याशी फ्लोराज होफ नावाची छोटी बाग आहे, दार साधं असल्यामुळे लोक पुढे निघून जातात. आत बाकं आहेत. गावातले जाणते लोक तिथे बसतात.

मग पांडहोफ. डोम चर्चच्या बाजूची मठाची बाग, फुकट. चौरस ओवरी, मध्ये औषधी वनस्पती आणि लिहीत बसलेल्या धर्मगुरूचा पुतळा. बाबांना इथे विश्रांती.

तिथून पाउसडाम आणि न्यूवेग्राख्ट कालवा. पाउसडामच्या कोपऱ्यावरचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा वाडा आद्रियान सहावा या पोपसाठी बांधायला घेतला होता. तो युट्रेख्तचाच, १५२२ मध्ये पोप झाला, १५२३ मध्ये रोममध्ये वारला, या घरात राहिलाच नाही. न्यूवेग्राख्टवर कॅफे नाहीत, दुकानं जवळजवळ नाहीत, झाडं आहेत आणि धक्का रिकामा. सगळ्या शहरात माझी सर्वांत आवडती ही वाट. दक्षिणेला चालत राहा. वाटेत आखनीटेनस्ट्राटला एका रांगेत बारा बुटकी घरं दिसतील, दारांवर कोरलेले दगड. १६५१ साली मारिया फान पाल्लास नावाच्या बाईंनी गरिबांना फुकट राहायला बांधून दिलेली. आजही लोक राहतात, खिडकीतून डोकावू नका.

एकच्या सुमारास औडेग्राख्टच्या दक्षिण भागात पोहोचता. तिथे रस्त्याच्या दगडांत एक कविता आहे, एका दगडावर एक अक्षर. दर शनिवारी दुपारी १ ते २ दरम्यान पाथरवट नवं अक्षर छिन्नीने कोरतो आणि बसवतो. २०१२ पासून अशी आठवड्याला एकेक अक्षर पुढे सरकतेय, आणि पुढची शेकडो वर्षं चालू राहावी अशी योजना आहे. पैसे देऊन एखादा दगड आपल्या नावाने करता येतो, नाव दगडाच्या बाजूवर कोरतात, जे बसवल्यावर झाकलं जातं. पाथरवटाशी बोला, सांगतात सगळं.

शेवटी ट्वाइनस्ट्राट, लेडिख एर्फ आणि व्हार्टसे राइन स्टेशन. सेंट्रालपर्यंत स्प्रिंटरने, म्हणजे सगळीकडे थांबणाऱ्या लोकलने, दोन-तीन मिनिटं. एकूण चाल तीन-चार किलोमीटरच्या आसपास, सगळी सपाट. फक्त विटांचा रस्ता उंचसखल आहे, बाबांना जाड तळव्याचे बूट द्या, चामडी चपला नकोत.

खडीसाखर

डोम टॉवरबद्दल. गुडघा दुखरा असेल तर अजिबात नको. ४६५ पायऱ्या, लिफ्ट नाही, वरचा जिना गोल आणि अरुंद, आणि फक्त गाइडबरोबरच सोडतात, त्यामुळे मध्येच थांबून परत फिरणं अवघड. तुम्ही दोघांपैकी एकाला चढायचं असेल तर वेळ आधी ऑनलाइन ठरवा, शनिवारच्या जागा भरतात. साधारण तासभर लागतो.

खालून बघण्यासारखं जास्त आहे, असं माझं मत. टॉवर १३८२ मध्ये पूर्ण झाला, ११२ मीटर, देशातला सर्वांत उंच चर्चचा मनोरा. पण तो चर्चपासून सुटा उभा आहे, हे लोकांना कोडं वाटतं. १ ऑगस्ट १६७४ च्या वादळात मधला मंडप कोसळला. पैशांअभावी तो कच्चा बांधला होता, आधाराच्या कमानी घातल्या नव्हत्या. ढिगारा दीडशे वर्षं तसाच पडून होता. आजचा चौक म्हणजे त्या मंडपाची जमीन. फरशीत वेगळ्या रंगाच्या दगडांनी खांबांच्या जागा आखल्यात. मुलीला एका खांबाच्या खुणेवरून दुसऱ्यावर चालायला सांगा, मंडप केवढा होता ते आपोआप कळतं.

त्याच चौकात जमिनीत धातूची पट्टी दिसेल. ती रोमन किल्ल्याच्या भिंतीची रेषा. संध्याकाळी त्या पट्टीतून हिरवा उजेड आणि धुकं येतं.

चर्चच्या आत जरूर जा, प्रवेश फुकट, पेटीत दोन-चार युरो टाका. आत एका कोरीव दगडी पाटावर सगळ्या आकृतींचे चेहरे छिन्नीने तासलेले आहेत. १५८० च्या मूर्तिभंजनाची खूण. वस्त्रांच्या चुण्या, बोटं, रंगाचे अवशेष शाबूत, फक्त चेहरे नाहीत. दहा मिनिटं त्या एका पाटापुढे काढा.

शनिवारी दुपारी ३:३० ला चर्चमध्ये फुकट संगीत असतं. मात्र दोन_चाकंच्या मार्गाने तुम्ही तोवर दक्षिणेला असाल. परत यायला पंधरा-वीस मिनिटं. बाबा थकले असतील तर सोडून द्या.

चिंचगूळ

खाण्याचं सांगते. अंडंही नको म्हटल्यावर डच पदार्थांतले बरेच बाद होतात. पॅनकेक आणि पोफर्चेस (छोटे फुगीर पॅनकेक) यांत बहुतेक वेळा अंडं असतं. स्ट्रोपवाफेलच्या पिठातही बहुधा असतं, बाजारातल्या गाडीवर विचारून घ्या. आणखी खाचखळगे:

भाजीचं सूप म्हणून जे मिळतं त्यात खिम्याचे छोटे गोळे असतात, मेनूवर लिहिलेलंच असतं असं नाही. चीजमध्ये बहुतेक वेळा वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) असतं. चालत नसेल तर चीजच्या दुकानात "वेखेतारिस स्ट्रेमसेल" असं विचारा, तसे प्रकार वेगळे ठेवतात. बटाट्याचे फ्रीट काही ठिकाणी गुरांच्या चरबीत तळतात, "प्लांटार्डिख" म्हणजे वनस्पती तेल का, ते विचारा. मुलीला कोणी मऊ गुलाबी-पांढरी गोळी दिली तर त्यात जिलेटिन, तेही बहुधा डुकराचं.

तिथल्या लोकांसारखं जेवायचं तर दुपारी गरम जेवण शोधू नका. ट्वाइनस्ट्राटवरून पाव, चीज, टोमॅटो, फळं घ्या आणि सिंगलच्या काठच्या बागेत बसा. सिंगल म्हणजे जुन्या तटाबाहेरचा पाण्याचा वेढा, आता सभोवार बाग. पाण्याची बाटली घरून न्या, नळाचं पाणी उत्तम.

गरम आणि पोटभर हवं असेल तर स्टेशनच्या मागच्या बाजूला लोम्बोक. कनालस्ट्राटवर तुर्की, मोरोक्कन, सुरिनामी दुकानं एकाला एक लागून. तुर्की बेकरीत तीळ लावलेलं सिमित आणि पालक-चीजचं ग्योझलेमे मिळतं. लाहमाजुन घेऊ नका, त्यात खिमा. सुरिनामी खानावळीत शाकाहारी रोटी मागा: पोळीत भरडलेली डाळ भरलेली, बरोबर बटाटा, भोपळा आणि लांब चवळीच्या शेंगांची भाजी. नेहमीच्या थाळीत उकडलेलं अंडं असतं, ते वगळायला आधीच सांगा. ही चव १८७३ पासून बिहार आणि उत्तर प्रदेशातून सुरिनामला नेलेल्या मजुरांच्या घरांतली. आईंना ओळखीची वाटेल, तिखट मात्र वेगळं, माडाम जानेत नावाची मिरची फार जहाल असते, ती बाजूला मागून घ्या.

येताना कनालस्ट्राटवरूनच कोथिंबिरीच्या जुड्या, मेथी, भेंडी, कैरी घ्या. सुपरमार्केटमधल्या चार काड्यांच्या पाकिटापेक्षा पुष्कळ स्वस्त.

मैथिली_अमस्टेलवेन

किती नेमकं लिहिलंय सगळ्यांनी! दोन शंका. आई-बाबांकडे भारतीय बँकेची कार्डं आहेत, त्यावर ट्रेन चालेल का? आणि स्वच्छतागृहांचं काय? बाबांना दर दीड-दोन तासांनी लागतं.

दोन_चाकं

व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल आणि त्यावर टॅप करण्याची सोय असेल तर फाटकावर चालतं. भारतातल्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि संपर्काविना पेमेंट दोन्ही मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन वेगवेगळे सुरू करावे लागतात. हे घरीच करा, ओटीपी भारतातल्या सिमवर येतो. नुसतं रुपे असेल तर धरून चालू नका, कागदी तिकीट काढा.

प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतंत्र कार्ड. चढताना जे टॅप केलं तेच उतरताना. फोनमधलं कार्ड आणि हातातलं कार्ड एकच असलं तरी यंत्राला ती दोन वाटतात. उतरताना टॅप विसरलं तर ट्रेनचे २० युरो जातात, नंतर ॲपवरून दुरुस्त करून मागता येतात. इंटरसिटीतून स्प्रिंटरमध्ये बदलताना मध्ये काही करायचं नाही, पण ट्राम किंवा बस पकडायची तर आधी ट्रेनचं टॅप बंद करून तिथे नव्याने टॅप.

मुलीला मोठ्यांचं कार्ड देऊ नका, पूर्ण भाडं पडेल. ४ ते ११ वयाला मोठ्यांबरोबर रेलरनर नावाचं स्वस्त तिकीट असतं, एनएस या डच रेल्वेच्या ॲपवर काढा.

बाजारात १० आणि २० च्या नोटा जवळ ठेवा. दुकानं उलट, कित्येक ठिकाणी रोख घेतच नाहीत.

कालवाकाठ

स्वच्छतागृहं: स्टेशनवर, होख कातारैनेमध्ये आणि न्योडेच्या वाचनालयात. पैसे लागतात तिथे ५० सेंट ते एक युरो, बहुधा कार्डने. न्यूवेग्राख्टच्या पट्ट्यात काही नाही, म्हणून डोमच्या परिसरात कॉफी घेताना उरकून घ्या. कॉफी घेतली की विचारायचीही गरज नसते. अर्धा युरो वाचवायला बाबांना ताटकळत ठेवू नका.

खडीसाखर

पाच वर्षांची मुलगी आहे म्हणून: मिफी या सशाचा जनक डिक ब्रुना युट्रेख्तचा. मिफीचं संग्रहालय सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच आहे, तिला अगदी शेवटची संधी. पण वेळ ठरवून तिकीट लागतं आणि त्यात दीड तास जातो, मग शनिवारचा मार्ग मोडेल. त्याऐवजी लांगे व्हीस्ट्राटवरचा मिफीचा सिग्नल दाखवा, लाल आणि हिरव्या दिव्यात ससा. न्योडेला जाताना वाटेतच आहे.

संग्रहालय एकच घ्यायचं तर स्पेलक्लोक. आपोआप वाजणारी वाद्यं, संगीत-घड्याळांपासून रस्त्यावरच्या अवाढव्य ऑर्गनपर्यंत, जुन्या ब्यूरकेर्क चर्चमध्ये. तिकिटातच मार्गदर्शित फेरी येते, ती घ्याच. फेरीत वाद्यं वाजवून दाखवतात, नाहीतर तुम्ही मुक्या पेट्या बघून परत याल. आजोबा आणि नात दोघांनाही सारखंच आवडेल असं हे ठिकाण.

बऱ्याच संग्रहालयांत चालणाऱ्या म्यूझियमकार्ट या पासचा विचार असेल तर: आई-बाबांना तात्पुरतं कार्ड मिळतं, ३१ दिवसांत पाच भेटी. एका तिकिटाला १५ ते २० युरो धरले तर चार-पाच संग्रहालयं बघणार असाल तरच घ्या.

दोन_चाकं

सायकलींबद्दल एक, कारण अपघात इथेच होतात. लाल डांबराचा पट्टा सायकलींचा आहे, त्यावर फोटोला थांबायचं नाही, आणि ओलांडताना दोन्ही बाजूंना बघायचं. जुन्या गावात पट्टा नसतो, सायकली सगळीकडून येतात, टॉवरखालच्या कमानीतूनसुद्धा. तिथे एका बाजूने सरळ चालत राहा. मध्येच थबकणं किंवा मागे सरकणं हे सर्वांत वाईट. सायकलस्वार तुमच्या चालीचा अंदाज घेऊन वळलेला असतो.

चिंचगूळ

छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटते. टोपीचं रेनकोट-जॅकेट घ्या आणि बाउनराडार ॲप उघडून पुढच्या दोन तासांचा पाऊस बघत चला. बहुतेक सर वीस मिनिटांत निघून जाते, तेवढ्यासाठी बेत बदलायचा नाही, कमानीखाली उभं राहायचं.

कालवाकाठ

शेवटचं आणि महत्त्वाचं. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात आणि ट्रेनऐवजी बस लावतात. बाबांना घेऊन अशा बसने जाणं म्हणजे तास-दीड तास वाढला. शुक्रवारी रात्री एनएसच्या ॲपमध्ये जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही प्रवास तारीख-वेळ घालून तपासा. अमस्टेलवेनहून बाइलमेर अरेना स्टेशनला येऊन इंटरसिटी पकडली तर वीसेक मिनिटांत युट्रेख्त. तो मार्ग बंद दिसला तर गाडीने वेस्टराफेनच्या पार्किंगला या. गाडी तिथे लावली की पाच जणांपर्यंत ट्रामचं जाऊन-येऊन भाडं पार्किंगच्या पैशातच येतं. तुम्ही दोघं, आई-बाबा आणि मुलगी मिळून बरोबर पाच. बाहेर पडायच्या आधी तिकीट यंत्रातून घ्यायला मात्र विसरू नका, ट्राममध्ये ते दाखवावं लागतं.